दाताचे दुखणे दातापुरतेच असते काय?

मनुष्यास जी नाना प्रकारची दुखणी होतात, त्यांत दाताच्या दुखण्याइतके सार्वत्रिक आणि तितकेच उपेक्षिलेले दुसरे दुखणे क्वचितच असेल. ताप आला तर घरची माणसे काळजी करितात. पोटात कळ उठली तर डॉक्टरांकडे धाव घेतात. परंतु दाढ ठणकू लागली की तोच मनुष्य गालास फडके बांधतो, लवंगेच्या तेलाचा बोळा दाढेत धरतो आणि आपल्या कामास लागतो. पेण तालुक्यात आषाढ-श्रावणात गणेशमूर्तींच्या कारखान्यांतून रात्रीचा दिवस चाललेला असतो. तेव्हा हमरापूर-जोह्याचा कारागीर म्हणतो, "गणपती होऊन जाऊ द्या, मग पाहू." रोह्याकडील शेतकरी म्हणतो, "लावणी आटोपू द्या." लावणी आटोपते तो धावीर महाराजांच्या पालखीचे दिवस येतात, पालखी झाली की भातकापणी उभी राहते. एवढ्या अवधीत पुष्कळदा असे होते की, एके दिवशी दाढेचा ठणका आपोआप थांबतो. रोगी आनंदित होऊन म्हणतो, "बघा, डॉक्टरावाचून बरी झाली!"

हा आनंद किती फसवा आहे, हे दाखविण्यासाठीच आजचा लेख आहे. ठणका थांबला याचा अर्थ दाढ बरी झाली असा नसून, बहुधा दाढेतील जिवंत गाभा मेला असा असतो. ओरडणारा पहारेकरी मारला गेला म्हणून घरातील चोर निघून गेला असे कोणी म्हणत नाही. येथे मात्र आपण नेमके तसेच म्हणत असतो.

प्रश्न असा आहे की, दातात किंवा हिरडीत जंतूंनी ठाण मांडले, तर त्यांचा उपद्रव तोंडापुरताच राहतो, की शरीराच्या इतर भागांतही पोहोचतो? या प्रश्नाविषयी लोकांत दोन टोकांची मते आहेत. दात ही देहावर बाहेरून बसविलेली वस्तू असून, ती किडली काय आणि पडली काय, मूळ देहाचे त्यात काही जात नाही, असे बहुजनसमाज मनात धरून चालतो. उलट, चार लेख वाचलेला एखादा गृहस्थ सांधेदुखीपासून वेडापर्यंत सर्व रोगांचे मूळ दातांत पाहू लागतो. आमच्या मते ही दोन्ही मते चुकीची आहेत. सत्य या दोहोंच्या मध्ये आहे, आणि ते नीट समजून घेतल्यावाचून काय करावे व काय करू नये हे ठरविता येणार नाही.

प्रथम दाताची रचना पाहू. दाताच्या वरचे कवच हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. परंतु त्याच्या आत मऊ गाभा असतो, आणि त्या गाभ्यात रक्तवाहिन्या व ज्ञानतंतू मुळाच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रातून आलेले असतात. गोड व पिष्टमय अन्नाचे कण दातांवर राहिले की तोंडातील जंतू त्यांपासून आम्ल तयार करितात. ते आम्ल कवच झिजविते, खड्डा पडतो, आणि खड्डा खोल होत गाभ्यापर्यंत गेला म्हणजे जंतूंना थेट जबड्याच्या हाडात उतरण्यास वाट मिळते. मुळाच्या टोकाशी पू साठतो. हा पू कोठे तरी जाणारच. पुष्कळदा तो हिरडीवर पुटकुळी होऊन फुटतो व रोगी बचावतो. पण प्रत्येक वेळी तो इतका सोयीचा मार्ग धरील असा काही नियम नाही.

वरच्या दाढांची मुळे गालाच्या हाडातील पोकळीस अगदी लागून असतात. तेथील पू त्या पोकळीत शिरला तर महिनोन्महिने एका नाकपुडीतून दुर्गंधी स्राव होत राहतो, आणि रोगी सर्दीची औषधे घेत बसतो. खालच्या मागील दाढांचा पू जिभेखाली व हनुवटीखाली उतरला, तर तेथील मऊ भाग दोन्ही बाजूंनी सुजून फळीसारखा कठीण होतो, जीभ वर उचलली जाते आणि श्वासमार्ग बंद होऊ लागतो. जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६ साली या रोगाचे वर्णन केले व त्यांचेच नाव त्यास पडले. पेनिसिलिनसारखी औषधे निघण्यापूर्वी हा रोग झालेल्यांपैकी पुष्कळ जण दगावत. आणि आजही रोगी उशिरा आला तर त्याच्या गळ्यास छिद्र पाडून श्वासाची वाट करावी लागते. तोच पू मानेतून छातीत उतरल्याची, अथवा डोळ्यामागील शिरांतून मेंदूकडे गेल्याची उदाहरणे वैद्यकात नमूद आहेत. अमेरिकेसारख्या संपन्न देशात, मेरिलँड प्रांतात, २००७ साली बारा वर्षांचा एक मुलगा किडलेल्या दाढेतील जंतू मेंदूत जाऊन तेथे गळू झाल्यामुळे मरण पावला. त्याची दाढ वेळेवर काढली असती तर जो खर्च आला असता तो अगदी किरकोळ होता. मेंदूवरील शस्त्रक्रियांस मात्र अडीच लाख डॉलरांच्या घरात खर्च येऊनही मुलगा वाचला नाही. दारिद्र्य आणि दंतवैद्याचा अभाव एकत्र आले म्हणजे श्रीमंत राष्ट्रातही काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण नको.

येथवर जो प्रकार सांगितला तो शेजारून शेजारी पसरण्याचा झाला. दुसरा मार्ग रक्ताचा आहे, आणि तो अधिक गुप्त आहे. १९३५ साली लंडनमधील ओकेल व एलियट या दोघा संशोधकांनी दात काढलेल्या रोग्यांचे रक्त लगेच तपासले. निम्म्याहून अधिक रोग्यांच्या रक्तात तोंडातील जंतू सापडले. आणि ज्यांच्या हिरड्या अधिक सडलेल्या त्यांच्यात ते प्रमाण अधिक होते. पुढे असेही दिसून आले की, दात काढण्याचीच गरज नाही. हिरड्या रोगट असल्या तर नुसते चावताना किंवा दात घासतानाही थोडे जंतू रक्तात जातात. निरोगी मनुष्याचे रक्त त्यांचा काही मिनिटांतच फडशा पाडते. पण ज्याच्या हृदयाची झडप पूर्वीच खराब आहे किंवा ज्यास कृत्रिम झडप बसविलेली आहे, त्याच्या बाबतीत हे पाहुणे त्या खडबडीत जागी चिकटतात, तेथेच वाढतात, झडप पोखरतात आणि त्यांचे लहान लहान गुठळे रक्ताबरोबर मेंदूत, मूत्रपिंडात, प्लीहेत जाऊन अडकतात. हृदयाच्या आतील आवरणाचा हा जंतुजन्य दाह पूर्वी जवळजवळ नेहमीच प्राणघातक होता. आज तीव्र औषधे आठवडेच्या आठवडे शिरेतून देऊनही, रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी सुमारे पंचमांश रोगी त्यास बळी पडतात. या रोगाचे पहिले लक्षण काय, तर बारीक ताप, अशक्तता, वजन घटणे. रोगी मलेरियाची, विषमज्वराची औषधे घेत हिंडतो, आणि तोंडात कोणी डोकावून पाहत नाही. "रोग रेड्याला आणि औषध पखालीला" ही आमची म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

हा रोग दुर्मिळ आहे, हे आम्ही मुद्दाम सांगतो. कारण वाचकांस भिवविणे हा आमचा हेतू नाही. परंतु आपल्या देशात त्याचे महत्त्व विशेष आहे, याचे कारण सांधेतापाने हृदयाच्या झडपा बिघडलेली मुले व तरुण स्त्रिया आपल्याकडे अद्याप आढळतात. दाट वस्तीत, अपुऱ्या घरांत लहानपणी वारंवार घसा धरणे हे त्या रोगाचे मूळ होय. म्हणजे ज्या घरात दाढ भरून घेण्यास पैसा नाही, त्याच घरात दाढेतील जंतूंना भिण्याचे कारण अधिक, असा हा दुर्दैवी योग आहे.

आता दुसऱ्या टोकाकडे वळू. दातांतील पू सर्व देहास विषारी करितो हे मत एकेकाळी पाश्चात्त्य वैद्यकात इतके बोकाळले होते की, त्याचा इतिहास प्रत्येक सुधारकाने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. कॉखचे शिष्य विलोबी मिलर यांनी १८९१ साली तोंड हे रोगजंतूंचे उगमस्थान असल्याचे प्रतिपादिले, ते शास्त्रशुद्ध होते. पुढे १९१० साली लंडनचे डॉ. विल्यम हंटर यांनी कॅनडातील मॉन्ट्रियल येथे व्याख्यान देऊन, सडक्या मुळांवर सोन्याच्या टोप्या चढविणाऱ्या दंतवैद्यांवर कोरडे ओढले; तेही पुष्कळ अंशी योग्य होते. परंतु त्यानंतर जी लाट आली तीत विवेक वाहून गेला. सांधे दुखले, काढा दात. अपचन झाले, काढा दात. मन बिघडले, काढा दात! अमेरिकेत ट्रेंटन येथील वेड्यांच्या इस्पितळाचे प्रमुख हेन्री कॉटन यांनी मनोरुग्णांचे दात, टॉन्सिल, इतकेच नव्हे तर मोठ्या आतड्याचे भागही कापून काढिले. त्यांत कित्येकांचे प्राण गेले, आणि वेड मात्र बरे झाले नाही. शेवटी १९३८ साली सेसिल व अँजेविन यांनी संधिवाताच्या २०० रोग्यांचा हिशेब मांडून दाखविला की, दात किंवा टॉन्सिल काढल्याने बहुतेकांस काहीच गुण आलेला नाही. मग ती लाट ओसरली. पण तोवर लक्षावधी चांगले दात व्यर्थ गेले होते.

या इतिहासावरून आम्ही असा बोध घेतो की, दोन गोष्टी एकत्र आढळणे निराळे आणि एकीमुळे दुसरी होणे निराळे. हा भेद न पाळल्यास अज्ञानाइतकीच हानी अर्धवट ज्ञानही करिते. आजही मधुमेह, हृदयविकाराचा झटका, अकाली प्रसूती यांचा आणि हिरड्यांच्या रोगाचा संबंध जोडला जातो. तो संबंध कितपत खरा हे एकेक करून पाहिले पाहिजे.

मधुमेहाविषयीचा पुरावा बराच भक्कम आहे. रक्तातील साखर वाढली की हिरड्या लवकर सडतात, आणि हिरड्या सडल्या की साखर आटोक्यात येईना होते. हा दोहों बाजूंचा फास आहे. हिरड्यांवर नीट उपचार केल्यास तीन महिन्यांच्या साखरेची जी सरासरी तपासणी करितात, तिचा आकडा थोडा, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी, पण निश्चितपणे उतरतो असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. हृदयविकाराच्या झटक्याची गोष्ट तशी नाही. अमेरिकेतील हृदयरोग संघाने २०१२ साली सर्व पुरावा चाळून सांगितले की, हिरड्यांचा रोग व रक्तवाहिन्यांचा रोग एकत्र आढळतात खरे. परंतु एकामुळे दुसरा होतो हे सिद्ध झालेले नाही. तंबाखू, मधुमेह, दारिद्र्य हे दोहोंचेही समान जनक असू शकतात. अकाली प्रसूतीसंबंधी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात असे आढळले की, गरोदरपणी हिरड्यांवर उपचार केल्याने अकाली प्रसूती टळल्या नाहीत. पण त्या उपचारांपासून आईस किंवा गर्भास काही अपायही झाला नाही. या दुसऱ्या निष्कर्षाचे मोल आमच्याकडे फार आहे, ते पुढे सांगू. अंथरुणास खिळलेल्या वृद्धांचे मात्र निःसंशय कल्याण होण्यासारखे आहे. जपानमध्ये वृद्धाश्रमांतील लोकांचे तोंड सेवकांकडून रोज स्वच्छ करविले असता त्यांच्यात न्यूमोनिया कमी झाला, असे १९९९ साली दिसून आले. तोंडातील घाण लाळेबरोबर फुप्फुसांत उतरते, हे त्याचे कारण. घरी म्हातारे आईवडील पडून असतील तर त्यांच्या औषधाइतकीच त्यांच्या तोंडाची काळजी घ्यावी, एवढा उपदेश यातून सहज निघतो.

तोंड आणि देह यांचा हा संबंध उलट दिशेनेही असतो, याचा कटू अनुभव महाराष्ट्राने २०२१ साली घेतला आहे. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर काळ्या बुरशीचा रोग पसरला, तेव्हा कित्येक रोगी प्रथम दंतवैद्याकडे आले. कारण त्यांचे वरचे दात एकाएकी हलू लागले होते व हिरडीतून पू येत होता. रोगाचे मूळ दातात नव्हते. नाकावाटे शिरलेली बुरशी वाढलेल्या साखरेच्या व स्टेरॉइड औषधांच्या आश्रयाने जबड्याचे हाड खात होती. ज्यांनी ते चिन्ह वेळेवर ओळखिले त्यांचे डोळे व प्राण वाचले. तेव्हा दात हा देहाचा परका नव्हे, हे सिद्ध करण्यास याहून अधिक प्रमाण कशास पाहिजे?

इतके शास्त्र सांगितल्यावर आता आपल्या घराकडे पाहू. येथे आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून बोलणे अवघड जाते. तथापि न बोलणे हा अपराध होईल.

पहिली गोष्ट मशेरीची. तव्यावर तंबाखू काळी होईतो भाजून तिची पूड दातांस लावणे, ही चाल कोकणात, आणि विशेषतः स्त्रियांत, इतकी रुळलेली आहे की तिला व्यसन म्हटले तर लोकांस राग येतो. "आम्ही दात घासतो, तंबाखू खात नाही," हे उत्तर ठरलेले. पण जी वस्तू सकाळी, दुपारी, जेवणानंतर आणि निजताना लावल्यावाचून चैन पडत नाही ती दंतमंजन नव्हे. तिने दुखऱ्या दाढेचा ठणका काही वेळ बधिर झाल्यासारखा वाटतो, आणि म्हणूनच दाढ दाखविण्याची वेळ टळत जाते. हिरडी मात्र झिजते, मुळे उघडी पडतात, आणि कर्करोगाचे बी पेरले जाते. तंबाखू घातलेली दंतमंजने व टूथपेस्ट करण्यास व विकण्यास केंद्र सरकारने १९९२ साली बंदी केली. पण जी मशेरी घरच्या चुलीवर तयार होते तिला कायदा काय करणार? तेथे सासूने सुनेस व सुनेने सासूस सांगितले पाहिजे. निंबाची किंवा बाभळीची काडी आणि तीही नसेल तर मऊ ब्रश व फ्लोराइडयुक्त पेस्ट, ही मशेरीहून महाग नाहीत.

दुसरी गोष्ट दाढेतील "कीड" काढण्याची. रिंगणीच्या बियांचा धूर नळीने तोंडात घेऊन पाण्याच्या भांड्यात बारीक पांढऱ्या अळ्या पडलेल्या दाखविणारे लोक अजून खेड्यांतून विश्वासास पात्र समजले जातात. युरोपातही शेकडो वर्षे हाच प्रयोग दुसऱ्या एका वनस्पतीच्या बियांनी चाले, आणि त्या अळ्या म्हणजे उष्णतेने फुटलेल्या बियांतील कोंब होत, हे तेथे उघडकीस आले. दात किडतो तो अळीने नव्हे. "वरची दाढ काढली की नजर जाते" ही समजूतही तशीच निराधार आहे. दृष्टीचे ज्ञानतंतू निराळे व दाढेचे निराळे. किंबहुना, सडलेली वरची दाढ न काढल्यानेच डोळ्यास अपाय होण्याचा संभव अधिक.

तिसरी गोष्ट औषधाच्या दुकानातून तोंडी सांगून आणलेल्या गोळ्यांची. दोन दिवस जंतुनाशक गोळी घेतली, सूज उतरली, गोळी बंद. वास्तविक मेलेल्या गाभ्यात रक्तच पोहोचत नाही, मग रक्तातून जाणारे औषध तेथे पोहोचणार कसे? दाढेतील मृत गाभा काढून पोकळी भरणे, किंवा दाढच काढणे, किंवा पू वाहून जाऊ देणे, यांवाचून मूळ तुटत नाही. अर्धवट गोळ्यांनी जंतू मात्र औषधास दाद न देण्यास शिकतात.

चौथी गोष्ट सर्वांत लाजिरवाणी आहे. घरातील पुरुषाची दाढ दुखली तर तो कण्हतो; स्त्रीची दुखली तर ती स्वयंपाक करिते. तिच्या दातास पैसा लावणे ही चैन वाटते. त्यात ती गरोदर असली म्हणजे तर "बाळंत होईपर्यंत दाताला हात लावू नये" असा निर्णय परस्पर दिला जातो. आणि बाळच आईच्या दातांतील चुना ओढून घेते, ही भ्रामक समजूत त्यास आधारास येते. खरे पाहता गरोदरपणी हिरड्या अधिक सुजतात, म्हणून त्या वेळी दात दाखविणे अधिकच अगत्याचे. आणि त्यात धोका नाही हे वर सांगितलेल्या प्रयोगाने सिद्धच आहे. पूने भरलेली दाढ तोंडात ठेवून स्त्रीने प्रसूतीस सामोरे जावे, हा कोणत्या शास्त्राचा न्याय?

कोणी म्हणेल, "गरिबांस पोटाची भ्रांत, तुम्ही दातांचे काय घेऊन बसलात? दात कोरून पोट भरत नाही." आमचे उत्तर असे की, दातच नसले तर पोट कशाने भरावयाचे? आणि मोठ्या आजारावर खर्च करण्यास समाज तयार नाही असेही नाही. हृदयाची झडप बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा भार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उचलला जातो, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण नवी झडप बसवून घरी आलेल्या मनुष्याची दाढ सडलेलीच राहिली, तर ती झडप किती दिवस टिकणार? लाखाचा बंदोबस्त करून कवडीच्या ठिकाणी कुचराई करणे, हा काटकसरीचा मार्ग नव्हे.

या उपेक्षेस एक संस्थात्मक कारणही आहे. आपल्याकडे दंतवैद्यकाचे शिक्षण प्रथमपासून निराळे वाढले. कलकत्त्यात १९२० साली डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी देशातील पहिले दंतमहाविद्यालय काढिले, मुंबईत नायर दंतमहाविद्यालय १९३३ साली निघाले, आणि १९४८ च्या कायद्याने दंतवैद्यांस स्वतंत्र नोंदणी व प्रतिष्ठा मिळाली. हे सर्व इष्टच झाले. परंतु त्यामुळे देहाचा डॉक्टर निराळा व दाताचा निराळा अशी एक भिंतही उभी राहिली, आणि रोगी त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंस हेलपाटे घालीत राहिला. मधुमेह्याचे तोंड उघडून पाहणारा वैद्य आणि दात काढण्यापूर्वी हृदयाची चौकशी करणारा दंतवैद्य, असे दोघेही आपणांस पाहिजेत.

यास्तव आमच्या सूचना अशा आहेत. पेण व रोहा या दोन्ही ठिकाणी उपजिल्हा रुग्णालये आहेत, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झालेले आहेत. तेथे दंतवैद्य नियमित बसावा, त्याचे वार व वेळ दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेली असावी, आणि तेथे दात केवळ उपटण्याची नव्हे तर भरण्याचीही सामग्री असावी. गरिबांसाठी चिमटा व श्रीमंतांसाठी मसाला, हा भेद सार्वजनिक रुग्णालयास शोभत नाही.

दुसरी सूचना मुलांविषयी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच कोकणातून, पालघर येथून, सुरू झाला. त्यातील वैद्यकीय पथकांनी अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा मुले तपासावयाची असतात. आणि तपासणीच्या यादीत सांधेतापाचा हृदयरोग व दंतरोग हे दोन्ही आहेत. ज्या मुलाच्या हृदयात दोष आढळला त्याच्या दातांची व्यवस्था सर्वांआधी व्हावी, एवढी जोड दिली तर एकाच कागदावरील दोन रकाने एका जिवाचे रक्षण करितील. परंतु या दोन तालुक्यांतील कातकरी वाड्यांची गोष्ट वेगळी आहे. दिवाळी उलटली की तेथील कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. पथक माघ-फाल्गुनात आले तर त्यास शाळेच्या पटावर नाव दिसते, मूल दिसत नाही. म्हणून या वाड्यांतील तपासणी भाद्रपद-आश्विनातच उरकावी, उपचारही निघण्यापूर्वी व्हावा, आणि जी मुले हातची गेली त्यांच्यासाठी पथकानेच भट्टीवर जावे. मूल पथकाकडे येऊ शकत नसेल तर पथकास मुलाकडे जाण्यास पाय आहेत.

तिसरी सूचना मालकांस. मूर्तींचे कारखानदार असोत की धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील कंपन्या असोत, दाढेच्या उपचारासाठी अर्धा दिवस पगारी मोकळीक देणे कोणासही जड नाही. आज न दिलेला अर्धा दिवस उद्या पंधरा दिवसांच्या आजारपणाने वसूल होतो.

राहिले प्रत्येकाचे स्वतःचे कर्तव्य. ज्यास कृत्रिम झडप आहे, ज्यास हृदयाच्या आवरणाचा जंतुदाह पूर्वी झालेला आहे, किंवा ज्यास जन्मतः हृदयाचे काही विशिष्ट दोष आहेत, त्याने दात काढण्यापूर्वी ती गोष्ट दंतवैद्यास न विसरता सांगावी. अशा रोग्यास आधी जंतुनाशक औषधाची एक मात्रा देण्याचा प्रघात आहे. पूर्वी ती पुष्कळांस देत. पण २००७ पासून अमेरिकेतील हृदयरोग संघाने ती अधिक धोका असलेल्यांपुरतीच ठेविली, आणि इतरांस दात व हिरड्या नित्य स्वच्छ राखणे हेच मुख्य औषध असे सांगितले. ज्याचा गाल वा हनुवटीखालचा भाग सुजून ताप आला, तोंड उघडेना, गिळवेना, आवाज घोगरा झाला, श्वास लागला किंवा डोळ्याभोवती सूज आली, त्याने सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री रुग्णालय गाठावे. आणि बाकी सर्वांनी, दाढ दुखेल तेव्हाच नव्हे, तर ती दुखावयाची थांबली म्हणजेही, एकदा तोंड उघडून तज्ज्ञास दाखवावे.

गणपती दरवर्षी येतात, लावणी दरवर्षी होते, पालखीही दरवर्षी निघते. मोठ्या माणसास मिळणारी दाढ मात्र आयुष्यात एकदाच येते, आणि तिच्या मुळाशी साठलेला पू सणवार पाहत नाही. पेण-रोह्याच्या घराघरांतून "मग पाहू" हे दोन शब्द तेवढे हद्दपार झाले, तरी आमच्या लिहिण्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.